नवं गाणं कुणाकडे द्यायचं, ते जाहीर करा : रेडिओ केंद्रांच्या कार्यक्रमप्रमुखांना खुलं पत्र

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या आकाशवाणी केंद्रांचे आणि खासगी एफएम वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत एक छोटा ध्वनिमुद्रण स्टुडिओ चालवतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण आयुष्यातलं पहिलंच गाणं रेकॉर्ड करायला आलेले असतात. कॉलेजातली मुलं येतात, भजनी मंडळात पखवाज वाजवता वाजवता गझल लिहायला लागलेले गृहस्थ येतात, बँकेतून निवृत्त झालेल्या बाई स्वतःच्या कवितांना चाल लावून येतात. मिक्सिंग झालं, फाईल पेनड्राइव्हवर दिली, की दारातून बाहेर पडताना प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो : हे रेडिओवर लावायचं तर काय करायचं? या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नाही, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी ते कुठे लिहूनच ठेवलेलं नाही.

म्हणून मागणी आधीच सांगतो. नवं गाणं कुणाकडे, कोणत्या स्वरूपात द्यायचं आणि त्याचा निर्णय किती दिवसांत कळेल, हे प्रत्येक केंद्राने जाहीर करावं. निवडलेलं गाणं लोक ऐकत असतात अशा वेळेला लावावं. आणि ते लावताना गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावं घ्यावीत. एवढंच मागायचं आहे. बाकीचं पत्र हे शक्य का आहे आणि गरजेचं का आहे, ते सांगण्यासाठी.

आता यूट्यूब आहे, मग रेडिओ कशाला, असं मला तुमच्याच क्षेत्रातले लोक विचारतात. यूट्यूबवर गाणं टाकायला कुणाची परवानगी लागत नाही, हे खरंच. पण तिथे ते गायकाच्या मित्रांपर्यंत आणि नातेवाइकांपर्यंत जातं, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतं. ज्याने त्या गायकाचं नावही ऐकलेलं नाही, जो काही शोधत नाही, त्याच्या कानावर गाणं घालण्याची ताकद अजून रेडिओचीच आहे. तासगावकडे एखाद्या बेदाणा शेडमध्ये जाऊन बघा. निवडायला बसलेल्या बायकांच्या समोर बेदाण्यांचा ढीग असतो, हात चिकट झालेले असतात, आणि खिळ्याला रेडिओ अडकवलेला असतो. मोबाईल हातात घेऊन गाणं बदलायला तिथे कुणाला सवड नसते. जे लागेल ते ऐकलं जातं, आणि आवडलं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते गुणगुणत कामावर येतं. नव्या माणसाला हा श्रोता तुमच्याशिवाय दुसरं कुणी देऊ शकत नाही.

आणि नवं गाणं हवेत सोडण्याचं धाडस आपल्या रेडिओला नवीन नाही. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं आणि १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, तिथून गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. पुढे वर्षभर नवी गीतं येत राहिली, एकूण ५६. गदिमा आणि सुधीर फडके तेव्हा नवखे नव्हते, हे मान्य. पण गाणी नवी होती, कुणी आधी ऐकलेली नव्हती, ‘श्रोत्यांना माहीत आहेत का’ अशी चाचणी त्यांची झाली नव्हती. जेमतेम दीड वर्षाच्या केंद्राने वर्षभराची जागा त्यांना देऊन टाकली. मुंबई केंद्रावर ‘भावसरगम’ हा भावगीतांचा कार्यक्रम होता. पेशाने टेक्सटाइल इंजिनिअर असलेल्या अरुण दात्यांचा आवाज मराठी घराघरांत पोचला तो त्यातूनच. यशवंत देव यांच्यासारखा संगीतकार आकाशवाणीत नोकरीला होता. म्हणजे चाल लावणारा माणूस केंद्राच्या आतच बसलेला होता. आज ज्याला आपण ‘जुनं मराठी भावगीत’ म्हणतो, त्याचा मोठा भाग रेडिओने नुसता वाजवला नाही, तो करून घेतला.

आकाशवाणीच्या मंडळींशी आधी बोलतो, कारण तुमच्याकडे निदान एक दार आहे आणि त्यावर पाटी आहे. ऑडिशन. बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री असताना ही पद्धत पक्की झाली. केसकरांनी सिनेसंगीताला आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केलं आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. शेवटी १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू करावी लागली. तो भाग वेगळा. पण ऑडिशनबद्दल मला आदर आहे. अर्ज भरायचा, बोलावणं आलं की जायचं, केंद्राच्या साथीदारांबरोबर गायचं, आणि बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणींपैकी एखादी मिळते किंवा मिळत नाही. खेड्यातल्या, कुणाची ओळख नसलेल्या मुलीलाही हा रस्ता माहीत असतो. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांच्या घरातही ‘आकाशवाणीचा ग्रेड आर्टिस्ट’ हा शब्द मानाने घेतला जातो.

अडचण अशी, की ऑडिशन गायकाची होते, गाण्याची होत नाही. माझ्याकडे जत तालुक्यातल्या एक आशाताई आल्या होत्या. आशा कार्यकर्त्या; दिवसभर वाड्या-वस्त्यांवर फिरणं, लसीकरणाच्या नोंदी. त्यांनी स्वतः एक गाणं रचलं होतं, टँकरची वाट बघणाऱ्या बाईचं. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, कारण सीमेवरच्या त्यांच्या गावात बायका बोलतातच तशा. चाल आईच्या जात्यावरच्या ओवीतून आलेली, पण तालाला मागे आम्ही गिटार लावली. रेकॉर्डिंगला मे महिन्यात पंखा बंद करून बसलो होतो. पहिल्या टेकला प्रत्येक ओळीच्या शेवटी बारीक किणकिण येत होती. हेडफोनवर ऐकलं तेव्हा कळलं, हात हलवला की त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. बांगड्या काढायला त्या तयार नव्हत्या. मग पदराचं टोक मनगटाभोवती गुंडाळलं, वर रुमाल बांधला, आणि दुसरा टेक एका दमात झाला. मी बरीच वर्षं या खुर्चीत बसतो. इतका सच्चा आवाज क्वचित मिळतो.

हे गाणं तुमच्या कोणत्या रकान्यात बसतं? लोकगीत म्हणावं, तर ते परंपरेतलं नाही, आजच्या बाईने आज रचलेलं आहे. सुगम संगीत म्हणावं, तर कवी मान्यताप्राप्त नाही आणि मागे गिटार आहे. गाणारी, रचणारी आणि चाल लावणारी एकच व्यक्ती असणं आता सर्रास झालं आहे. हिप-हॉपवाली मुलं तर तालही स्वतःच लॅपटॉपवर बांधतात. त्यांना तबला-पेटीच्या साथीवर ऑडिशन द्या म्हणणं म्हणजे त्यांची निम्मी कला दाराबाहेर ठेवणं. ऑडिशन राहू द्या. तिच्या शेजारी दुसरी खिडकी उघडा : तयार ध्वनिमुद्रण पाठवा, आम्ही गाणं ऐकून ठरवू. ‘युववाणी’सारख्या कार्यक्रमांची तुमची परंपरा आहे, ‘आपली आवड’ची आहे. सांगली, रत्नागिरी, परभणी, जळगाव, सोलापूर, पणजी या केंद्रांना आपापल्या मुलखातली बोली, तिथले गाणारे ठाऊक आहेत. असा तास भरायला एवढ्या मुलखात गाणी कमी पडतील, असं मला वाटत नाही.

आता खासगी एफएमच्या मंडळींशी. तुमच्याकडे काम कसं चालतं हे बाहेरच्या मुलांना माहीत नसतं, म्हणून ती आरजेला इन्स्टाग्रामवर मेसेज करत बसतात. आरजे बिचारा ‘भारी आहे’ म्हणतो, आणि पुढे काही होत नाही. त्याला दोष नाही. त्या तासात कोणतं गाणं कितव्या मिनिटाला लागणार हे संगीत विभाग ठरवतो, पुष्कळदा दुसऱ्या शहरातल्या मुख्य कार्यालयातून. सॉफ्टवेअरमध्ये गाण्यांचे गट पाडलेले असतात, कोणत्या गटातलं गाणं दिवसातून किती वेळा फिरवायचं ते ठरलेलं असतं, आणि माईकपुढच्या माणसाला त्यात हात घालता येत नाही. ही माहिती तुम्ही उघडपणे दिलीत तरी शेकडो मुलांचा वेळ वाचेल.

तुमची भीती मला कळते. अनोळखी गाणं लागलं की श्रोता वाहिनी बदलतो, श्रोता गेला की जाहिरात जाते, आणि जाहिरातीवरच तुमचं सगळं चालतं. पण ओळखीचं झालेलं प्रत्येक गाणं कधीतरी अनोळखीच होतं. नवं गाणं दोन माहितीच्या गाण्यांच्या मध्ये ठेवा, त्याआधी आरजेला वीस सेकंद त्याबद्दल बोलू द्या, आणि एकदाच लावून सोडून देऊ नका. आठवडाभर रोज लावा. सिनेमाच्या नव्या गाण्याला तुम्ही हेच करता. रात्री दोन वाजता किंवा पहाटे पाचला लावलेलं गाणं ‘आम्ही नव्यांना संधी देतो’ या हिशेबात धरू नका, ही हात जोडून विनंती. मुंबईसारख्या शहरात तर प्रश्न नव्या गाण्याच्याही आधीचा आहे : दिवसभर हिंदी सिनेसंगीत लावणाऱ्या वाहिन्यांवर मराठी गाण्यालाच जागा मागावी लागते, मग नव्या मराठी गाण्याचं काय होत असेल?

इतर देशांनी यावर वेगवेगळे मार्ग काढलेत. कॅनडात खासगी रेडिओवरच्या लोकप्रिय संगीतात किमान ३५ टक्के वाटा कॅनडाच्या गाण्यांचा असावा लागतो. फ्रान्सने १९९६ पासून ४० टक्के फ्रेंच गाण्यांचा नियम केला आणि त्यातला निम्मा हिस्सा नव्या कलावंतांसाठी किंवा नव्या निर्मितीसाठी राखला. पुढे त्यात सवलती आल्या. ऑस्ट्रेलियाच्या ट्रिपल जे वाहिनीने १९९५ मध्ये नव्या कलावंतांना शोधण्यासाठी ‘अनअर्थ्ड’ सुरू केलं. ब्रिटनच्या बीबीसीने २००७ मध्ये त्याच कामासाठी ‘इंट्रोड्युसिंग’ सुरू केलं. मला कायद्याची सक्ती नको आहे. सक्तीने लावलेलं गाणं कसं लावलं जातं, ते आपण जाणतो. बीबीसीची रीत मला आपल्याला जमण्यासारखी वाटते. कलावंत आपलं गाणं एका ठरलेल्या ठिकाणी चढवतो. त्याच्या भागातल्या स्थानिक केंद्राचे लोक ते ऐकतात. आवडलं तर आधी स्थानिक कार्यक्रमात लागतं, तिथे चाललं तर वरच्या, देशभराच्या वाहिनीकडे जातं. आकाशवाणीकडे अशी केंद्रांची साखळी आधीपासून आहे. मोठ्या खासगी वाहिन्यांकडेही आहे. फक्त तिच्यातून गाणी वरून खाली येतात, खालून वर जात नाहीत.

नावं घेण्याचा मुद्दा मी सगळ्यात जास्त जोर देऊन मांडतो, कारण त्यात मागायचं काही नाही, तो कायदा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१-ड आलं. रेडिओ-टीव्हीला प्रत्येक मालकाच्या परवानगीसाठी न थांबता, आगाऊ सूचना देऊन आणि ठरवून दिलेल्या दराने पैसे भरून गाणी लावता येतात, ते या कलमामुळे. पण त्याच कलमात अट आहे : प्रसारणाबरोबर रचनाकारांची आणि प्रमुख कलावंतांची नावं सांगायची. प्रसारणाच्या नोंदी ठेवायच्या. विविध भारतीच्या निवेदकांनी हे कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून केलं. गीतकार कोण, संगीतकार कोण हे आमच्या पिढीला पाठ आहे ते त्यांच्यामुळेच. आज कित्येक वाहिन्यांवर गाणं संपतं आणि थेट जिंगल लागते. जुन्या, नावाजलेल्या माणसाचं यात फार बिघडत नाही. नव्या माणसाचं मात्र सगळंच जातं. बेदाणा शेडमधल्या बाईला गाणं आवडलं, पण कुणाचं ते कळलंच नाही, तर त्या गायकाला ना कार्यक्रम मिळणार, ना पुढचं गाणं.

नोंदींशी पैशाचाही संबंध आहे. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी आयपीआरएस ही त्यांची संस्था गोळा करते आणि वाटते. तिने कुणाला किती द्यायचे, हे कोणतं गाणं किती वेळा लागलं या तुमच्याच नोंदींवर ठरतं. तिथे शीर्षक चुकीचं, गीतकाराचा रकाना रिकामा, असं गेलं की पैसे योग्य माणसापर्यंत पोचत नाहीत. २०१२ च्याच दुरुस्तीने असंही ठरलं, की ध्वनिमुद्रणातल्या शब्दांच्या आणि चालीच्या रॉयल्टीतला आपला वाटा गीतकार-संगीतकाराला कंपनीला लिहून देताच येणार नाही. हक्क मिळाला आहे. तुमच्या रजिस्टरात नाव नीट लिहिलं गेलं तर तो हातात पडेल.

आमच्या बाजूने काय व्हायला हवं, तेही सांगतो, कारण तुमच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच रास्त आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेलं, दाबून दाबून पातळ झालेलं गाणं कुणीही लावणार नाही. वेव्ह फाईलच, म्हणजे न दाबलेलं मूळ मुद्रणच द्यायला हवं. साडेतीन-चार मिनिटांत बसणारी रेडिओसाठीची आवृत्ती वेगळी करायला हवी, आणि शब्द सुरू व्हायच्या आधी मिनिटभर नुसती सुरावट असेल तर ती कापायला हवी. सोबत एका कागदावर देवनागरीत शीर्षक, गीतकार, संगीतकार, गायक, वादक, संयोजक यांची पूर्ण नावं, गाण्याचे शब्द, आणि आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाच्या ओळखीचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक. इंटरनेटवरून उचललेला ताल परवान्याशिवाय वापरला असेल, तर ते गाणं पाठवूच नये; त्यात केंद्र अडकतं. गाण्यात सहभागी असलेल्या प्रत्येकाची लेखी संमती असावी. आणि चारपाच हजारांसाठी एखाद्या चॅनेलला सगळे हक्क कायमचे लिहून दिलेले असतील, तर ते आधी सांगावं. माझ्या स्टुडिओतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फाईलबरोबर हा कागद मी स्वतः भरून देतो. तुम्ही तुमचा एक नमुना अर्ज जाहीर केलात, तर राज्यातला प्रत्येक छोटा स्टुडिओ त्याप्रमाणे भरून देईल.

अर्ज आणि पत्ता जाहीर नसला की मधली माणसं उगवतात. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने ‘चार वाहिन्यांवर लावून देतो’ म्हणणाऱ्याला घरात म्हशीच्या दुधाचे साठवलेले पैसे दिले. गाणं कुठेच लागलं नाही आणि फोनही लागेनासा झाला. कोणत्याही केंद्राचा यात हात होता असं मी म्हणत नाही. त्या मुलानेही तसं म्हटलेलं नाही. पण ‘आमच्याकडे गाणं लावण्यासाठी पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर या पत्त्यावर कळवा’ एवढं वाक्य दिवसातून एकदा तुमच्याच वाहिनीवरून सांगितलंत, तर या धंद्याला आळा बसेल. अमेरिकेत १९५९-६० मध्ये पैसे घेऊन गाणी वाजवण्याच्या प्रकरणाची थेट संसदेत चौकशी झाली आणि ॲलन फ्रीडसारख्या प्रसिद्ध निवेदकाची कारकीर्द त्यात संपली. आपल्याकडे ती वेळ येऊ नये.

सामुदायिक रेडिओचं नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी असो, आमच्या जिल्ह्यातली येरळवाणी असो, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी असो : नव्या गाणाऱ्याला आज ‘ये, बस, गा’ म्हणणारे हेच लोक आहेत. किमान अर्धे कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागातून करायचे, ही त्यांच्यावर अट आहे आणि ते ती मनापासून पाळतात. शंभर वॅटच्या ट्रान्समीटरवर आवाज दहा-पंधरा किलोमीटरच जातो, ही त्यांची मर्यादा. त्यांच्याकडे निवडली गेलेली गाणी तुम्ही महिन्यातून एकदा मागवून ऐकलीत, तर तुमचं चाळण्याचं निम्मं काम झालेलं असेल.

हे आत्ताच लिहायला एक निमित्तही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, आणि त्यामागचा एक हेतू म्हणून मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना चालना, असं सांगितलं. यादीत लातूर, चंद्रपूर, यवतमाळ यांच्यासारखी आपली शहरं आहेत. तिथे केंद्र उभं राहील तेव्हा मुंबईहून आलेलीच प्लेलिस्ट लागणार असेल, तर त्या हेतूचा उपयोग काय? पहिल्या दिवसापासून एक माणूस नेमा, ज्याचं काम आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आलेली गाणी ऐकणं आणि पाठवणाऱ्याला कळवणं हे असेल. नकार असला तरी चालेल. ‘आवाज चांगला आहे, मुद्रण सुधारा’ किंवा ‘आमच्या वाहिनीला बसत नाही’ अशी एक ओळ आली तरी माणूस पुढचं गाणं करायला घेतो. उत्तरच न येणं, याने मात्र तो थांबतो. असे थांबलेले लोक मी बघितले आहेत, आणि त्यांच्यातले काही फार चांगले होते.

१३ फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन असतो. दरवर्षी तुम्ही त्या दिवशी रेडिओच्या आठवणी सांगता, आणि त्या ऐकायला मलाही आवडतात. या वेळी त्या दिवशी प्रत्येक केंद्राने गाणी पाठवण्याचा पत्ता, नमुना अर्ज आणि नव्या गाण्यांच्या तासाची वेळ जाहीर करावी. सांगली-कोल्हापूर भागातल्या कोणत्याही केंद्राला आलेल्या गाण्यांचं मुद्रण तपासायला, फाईली नीट करून द्यायला माणूस हवा असेल, तर मी मोबदला न घेता ते काम करीन. आशाताईंच्या गाण्याची वेव्ह फाईल आणि भरलेला कागद माझ्याकडे तयार आहे. पत्ता जाहीर होईल त्या दिवशी पाठवतो.

कळावे,
आपला नम्र,
सांगलीतला एक ध्वनिमुद्रक